चाकू चांगला होता, मग दुकानातून का गेला?

तुम्ही सांगोल्याहून विचारलंय की आठ-नऊ वर्षं डाळिंबाच्या गुट्या (फांदीची साल काढून तिथेच मुळं फोडायचं कलम) बांधायला एकाच कंपनीचा घडीचा चाकू वापरताय, सोलापुरातल्या एकाच दुकानातून घेताय, आणि यंदा दुकानदाराने "तो माल आता येत नाही" एवढंच सांगून दुसरा पुढे केला. कंपनी बुडाली, माल घसरला, की दुसऱ्या मालात जास्त सुटतात म्हणून दुकानदार थाप मारतोय, हे तुम्हाला कळत नाहीये. त्यात जुन्या चाकूचं पातं हलायला लागलंय, म्हणून घाई आहे.

मी १९९८ पासून सोलापुरात, मंगळवार पेठेत हत्यारं आणि कटलरीचं दुकान सांभाळते. त्याआधी सासरे बसायचे. चाकू, कात्र्या, विळ्या, अडकित्ते, कलमाचे चाकू, छाटणीच्या कात्र्या, एवढाच आमचा माल. इतक्या वर्षांत पाच-सहा कंपन्यांचे खिशातले चाकू मी स्वतः बंद केले, आणि त्यातल्या एकाच कंपनीचा माल खरोखर वाईट होता. बाकीचे चाकू आजही कोणी हातात दिले तर मी बिनधास्त वापरेन. म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी दुकानदाराबद्दल. "माल येत नाही" हे आमच्या धंद्यातलं रोजचं वाक्य आहे आणि त्याचे तीन अर्थ होतात. खरंच येत नाही. येतो, पण मी मागवत नाही. मागवला असता, पण परवडत नाही. काउंटरवर चार माणसं उभी असताना यातला नेमका कोणता ते समजावत बसायला वेळ नसतो, म्हणून तिन्हीला एकच उत्तर मिळतं. तुमच्या बाबतीत कोणता अर्थ लागू आहे, ते तुमचा दुकानदार कोणाकडून माल घेतो आणि चाकू किती खपत होता यावर ठरेल. पण तो थाप मारतोय असं लगेच धरून चालू नका.

तुमचा खरा प्रश्न मला असा वाटतो: चांगला माल दुकानातून का जातो? लोकांना वाटतं की माल येणं थांबतं म्हणून जातो. मी पाहिलंय ते उलट आहे. बिघडलेला माल परत पाठवायची वाट बंद झाली की दुकानदार नवा माल मागवणं थांबवतो. गिऱ्हाइकाला फक्त नवा माल येताना दिसतो. बिघडलेला चाकू घेऊन तो माझ्यापाशी येतो, तिथून पुढे तो चाकू कुठे जातो हे त्याला दिसत नाही. आमचा जीव मात्र तिथेच अडकलेला असतो.

एक प्रसंग सांगते, तुमच्याच कामाशी जोडलेला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका परदेशी कंपनीचा घडीचा चाकू होता. नाव घेत नाही, कारण चूक कंपनीची होती असं मला आजही वाटत नाही. सात सेंटिमीटरचं पातं, धार अशी की गुटीसाठी सालीचं कडं काढायला दोन वळसे पुरायचे. सांगोला, मोहोळ, पंढरपूरकडचे बागायतदार चार-चार घेऊन जायचे. त्या वर्षी पाऊस बरा होता, गुट्यांचं काम जोरात होतं, आणि ऑगस्टमध्ये बारा-पंधरा दिवसांत सात चाकू परत आले. एकाने तर बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून आणले होते, स्वतःचा आणि शेजाऱ्याचा. मी सगळे वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. धारेला काही झालं नव्हतं. पण पातं उघडायला नखाची खाच असते तिच्या कडेला, आणि पातं मुठीत बसतं त्या सांध्यापाशी, सुईच्या टोकाएवढे तपकिरी खड्डे पडलेले. नख फिरवलं की अडकायचं. दोन चाकूंचे खड्डे इतके खोल होते की सांधाच करकरत होता.

मी एकेकाला विचारलं, कशात बुडवता? सगळ्यांचं उत्तर एक: सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी. कारण तेल्या, डाळिंबावरचा जिवाणूंचा रोग. तेल्याचा जिवाणू एका झाडावरून दुसऱ्यावर हत्यारावरून जातो, म्हणून प्रत्येक झाडानंतर कात्री आणि चाकू निर्जंतुक करा असं सांगितलं जातं, आणि ते अगदी बरोबर आहे. आपल्याकडे केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, त्यामुळे ही शिस्त आपल्या भागात बऱ्यापैकी मुरलीही आहे. पण त्या पाण्यातला क्लोरीन पात्याचा वैरी आहे.

हे जरा नीट सांगते, कारण "स्टेनलेस आहे, गंजेल कसा" हा वाद मी काउंटरवर शंभरदा ऐकलाय. स्टेनलेस स्टीलच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो. गंज तोच अडवतो. आपल्या ताट-वाट्यांच्या चांगल्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून ती मिठालाही सहसा दाद देत नाहीत. पण त्या स्टीलला धार धरत नाही, ते मऊ असतं. पात्याला कडकपणा लागतो, म्हणून त्यात कार्बन वाढवतात, निकेल जवळपास नसतं आणि क्रोमियम १३ ते १५ टक्क्यांच्या आसपास असतं. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचं पातं रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर ५६ च्या आसपास असतं, तेही याच जातीचं स्टील. असं स्टील साध्या पाण्याला टिकतं, पण क्लोरीनच्या पाण्यात बुडवून तसंच मिटून खिशात टाकलं तर तो थर ठिकठिकाणी फुटतो आणि तिथे खड्डे पडतात. सांध्यात पाणी साचून राहतं, म्हणून सगळ्यात आधी तिथे.

आता दुकानदाराच्या जागी उभे राहा. मी सातही चाकू डब्यात भरून डिस्ट्रिब्यूटरकडे पाठवले. कंपनीच्या माणसाने पाहून सांगितलं की हा बनावटीतला दोष नाही, चुकीच्या वापराने झालंय, बदलून मिळणार नाही. कागदावर त्याचं बरोबर होतं. चाकूच्या हमीत बहुतेक वेळा साहित्यातला आणि बनवण्यातला दोष येतो; झीज आणि चुकीचा वापर येत नाही. माझ्या समोरच्या शेतकऱ्याचंही बरोबर होतं. त्याने सांगितल्याप्रमाणे हत्यार निर्जंतुक केलं, आणि ते नंतर धुऊन पुसून तेल लावायचं असतं हे त्याला ना डब्यावर लिहिलेलं दिसलं, ना मी विकताना सांगितलं. तीन जणांना मी पदरचे पैसे घालून दुसरे चाकू दिले, चौघांना पॉलिश करून दिले. आणि पुढची ऑर्डर दिली नाही. त्याच कंपनीचा तोच चाकू पुण्या-मुंबईत सहलीला जाणाऱ्या पोरांना विकला जात होता, तिथे त्याची एकही तक्रार नसेल. आमच्या भागातलं काम त्याला सोसलं नाही, आणि त्याचा भार कोणी उचलायचा याचं उत्तर माझ्याशिवाय कोणाकडे नव्हतं.

तसंच काळं पडण्याचं. डाळिंबाच्या सालीत टॅनिन असतं, त्याची कार्बन स्टीलशी गाठ पडली की पातं निळं-काळं होतं. शाई जशी बनते तशीच ही क्रिया. तो दोष नाही, उलट कार्बन स्टीलची धार दगडावर झटकन लागते. पण नवा चाकू दुसऱ्या दिवशी काळा पडला की माणूस तो घेऊन माझ्याकडे येणारच. ओपिनेलसारखी फ्रेंच कंपनी एकच चाकू कार्बन आणि स्टेनलेस अशा दोन्ही पात्यांत काढते. शिकलेला विक्रेता विचारून देतो, घाईतला देत नाही. माझ्याकडे बरीच वर्षं कार्बनचा चाकू मागेल त्यालाच मिळतो, शोकेसमध्ये लावत नाही.

परतीची वाट आणखी एका कारणाने तुटते, ते म्हणजे आयातदार बदलणं. परदेशी चाकू तुमच्यापर्यंत यायला कंपनी, आयातदार, डिस्ट्रिब्यूटर, होलसेलर आणि मग आम्ही, एवढी साखळी असते. मधला आयातदार बदलला की नवा म्हणतो, जुन्याने आणलेल्या मालाची जबाबदारी माझी नाही. माझ्या शोकेसमध्ये जुन्याचे अठरा चाकू पडलेले असतात, आणि तेवढेच गावभर विकलेले असतात, त्यांना माझा शब्द दिलेला असतो. हे तुम्हाला घरबसल्या तपासता येईल. आपल्याकडे २०११ पासूनच्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार आयात मालाच्या डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापावी लागते. तुमचा जुना डबा सापडला तर त्यावरचं नाव पाहा आणि आज ऑनलाइन दिसणाऱ्या त्याच चाकूच्या डब्यावरचं पाहा. नावं वेगळी असतील तर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

पैशाचं गणित लोकांना वाटतं तेवढं मोठं कारण नसतं, पण असतं. समजा, एका चाकूची माझी खरेदी ४०० रुपये आणि मी तो ५२० ला विकते. ऐकायला बरं वाटतं. पण कंपनी एक-दोन देत नाही, दोन डझनांचा लॉट घ्यावा लागतो, आणि वर "चाकू हवे असतील तर सोबत टॉर्च आणि मल्टिटूलही घ्या" असं असतं. साडेनऊ हजारांवर पैसे एका खणात अडकले. ते चाकू संपायला सव्वा वर्ष लागलं. त्याच पैशात मी विड्यांच्या कात्र्या घेतल्या तर? सोलापूरच्या पूर्व भागात घरोघर बायका विड्या वळतात, तेंदूचं पान पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापतात. ती कात्री झिजते, धारेला येते, नवी लागते. एका कात्रीमागे मला वीस-पंचवीसच सुटतात, पण तोच पैसा वर्षात आठ-दहा वेळा फिरतो. शिवाय ती बाई धार लावायला म्हणून दर महिन्याला दुकानात येते. १८ जुलै २०२२ पासून चाकूंवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्क्यांवर गेला, तेव्हा एमआरपी वाढल्या आणि हळू खपणारा माल आणखी हळू झाला. अशा वेळी दुकानदार शोकेसमधल्या सगळ्यात आळशी खणाकडे बघतो, आणि तो खण बहुतेक वेळा खिशातल्या चाकूंचा असतो.

ऑनलाइनबद्दल मला राग नाही, पण जे होतं ते होतं. दिवाळीच्या सेलमध्ये एखादा चाकू डिस्ट्रिब्यूटर मला देतो त्यापेक्षा कमी किमतीत मोबाइलवर दिसतो. गिऱ्हाईक माझ्यासमोर मोबाइल धरतं. मी काय बोलणार? त्याचे कष्टाचे पैसे आहेत, त्याने स्वस्त घेतलं तर त्यात गैर काही नाही. पण त्यानंतर सहा महिन्यांनी तोच चाकू स्प्रिंग ढिली झाली म्हणून माझ्याच काउंटरवर येतो, कारण ऑनलाइनवाल्याची परत घ्यायची मुदत कधीच संपलेली असते. दुरुस्ती मी करून देते, वीस-तीस रुपये घेते. पण विक्री तिकडे आणि निस्तरणं इकडे, हे दोन-तीन हंगाम चाललं की त्या कंपनीचा नवा माल दुकानात ठेवायला काही कारणच उरत नाही. कंपनीने ऑनलाइनचा आणि दुकानाचा भाव सांभाळला तर हे होत नाही. सांभाळणाऱ्या कंपन्या आहेत, आणि त्यांचे चाकू आमच्या शोकेसमध्ये आजही आहेत.

आतापर्यंत जे सांगितलं त्यात चाकूचा स्वतःचा दोष कुठेच नाही, हे लक्षात घ्या. पुढचं कारण मात्र चाकूच्या घडणीशी संबंधित आहे, आणि त्यात मी स्वतः ठरवून नकार दिलाय.

खटक्याचा चाकू आणि झटक्यात उघडणारा चाकू. कायदा आधी. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम पाहिले तर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं त्यात येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळून. तुमचा गुटीचा चाकू त्याच्या जवळपासही जात नाही. पण दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणाने उघडणाऱ्या, ७.६२ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद पात्याच्या चाकूंवर बंधन घातलेलं आहे. देशभर माल पाठवणारा व्यापारी प्रत्येक शहराचा वेगळा नियम पाळत बसत नाही, तो असला मालच टाळतो. आणि आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७ आहे. सण, मिरवणुका, निवडणुका आल्या की पोलीस आयुक्त त्याखाली काही दिवसांचा मनाई आदेश काढतात, आणि त्या काळात सार्वजनिक जागी शस्त्रं, काठ्या, सुरे बाळगता येत नाहीत. बागेत काम करणाऱ्याला याची झळ लागत नाही, पण चाकू खिशात घालून शहरात फिरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. दुकानदारालाही अशा दिवसांत शोकेसमधून काही माल आत ठेवावासा वाटतो.

पण मी थांबले ते कायद्यासाठी नाही. एका कंपनीच्या पाच मॉडेलांपैकी तीन अंगठ्याने झटका दिला की उघडणारी होती, काळ्या पात्याची, आणि उघडताना जोरात खट् असा आवाज व्हायचा. संध्याकाळी तिघं-चौघं पोरं यायची, सोळा-सतरा वर्षांची. त्यांना काय कापायचंय असं विचारलं तर उत्तर नसायचं. ती फक्त तो आवाज ऐकायची, एकमेकांकडे बघायची, पुन्हा उघडायची, पुन्हा मिटायची. मी चाकू हातातून काढून घेतला आणि त्या दिवशीच ठरवलं. कंपनीला सांगितलं, मला फक्त ती दोन साधी मॉडेलं द्या, नखाने उघडणारी. ते म्हणाले, रेंज पूर्ण घ्यावी लागेल. मग मी काहीच घेतलं नाही. त्यातला एक साधा चाकू द्राक्षवाल्यांना फार आवडायचा, नान्नजकडचे लोक अजून विचारतात. मला त्याचं वाईट वाटतं, पण मी तो निर्णय बदलणार नाही.

कधी कधी कंपनीच नाहीशी होते आणि नाव मागे राहतं, किंवा उलट. वेंगर नावाचे स्विस चाकू तुम्ही ऐकले असतील. स्विस सैन्याला चाकू पुरवणाऱ्या दोन कंपन्यांपैकी ती एक. २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने ती विकत घेतली आणि २०१३ मध्ये वेंगरचे चाकू स्वतःच्या नावाखाली घेतले. त्यानंतर वेंगरचे नवे चाकू दुकानात यायचे थांबले. तरी लोक विचारतात आणि दुकानदारावर नाराज होतात. अमेरिकेत इम्पिरियल श्रेडचा न्यूयॉर्क राज्यातला कारखाना २००४ मध्ये बंद झाला, नाव दुसऱ्यांनी घेतलं आणि त्या नावाचा माल पुढे चीनमधून यायला लागला. तुमच्या चाकूवर आज तेच नाव असलं तरी पात्याच्या मुळाशी काय कोरलंय, कुठे बनला, हे पाहून घ्या. आणि सप्टेंबर २००१ मधल्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर विमानात चाकू नेणं बंद झालं, तेव्हा विमानतळांवरच्या दुकानांतून खिशातले चाकू जवळजवळ रातोरात गेले. चाकू तेच होते, विकणाऱ्याची जागा बदलली. आता होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याला विमान सुरू झाल्यापासून आमच्याकडेही लोक विचारतात. त्यांना मी सांगते, हातातल्या बॅगेत नाही, सामानात द्या.

नकली मालाचं थोडक्यात. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर लाल मुठीचे, पांढऱ्या क्रॉसचे चाकू ढिगाने विकले जातात. दिसायला स्विस, किंमत दहावा हिस्सा. अस्सल व्हिक्टोरिनॉक्सच्या मोठ्या पात्याच्या मुळाशी कंपनीचं नाव कोरलेलं असतं, क्रॉस मुठीत बसवलेला असतो, आणि पातं मिटताना शेवटच्या टप्प्यात स्प्रिंग त्याला आत ओढून घेते, तो टक् असा स्वच्छ आवाज येतो. नकलीत क्रॉस रंगाने काढलेला असतो आणि पातं लोळत मिटतं. यात्रेतला चाकू महिनाभरात मोडतो आणि माणूस म्हणतो, ही कंपनीच बेकार. दोन-तीन वर्षं हे झालं की अस्सल मालाची विक्रीही बसते, आणि मग दुकानदार तोही बंद करतो.

तुम्ही काय करावं, हे विचारलं नव्हतं तरी सांगते. दुकानदाराला "कंपनी बंद झाली का" असं विचारू नका. दुपारी दोन-अडीचला जा, तेव्हा गर्दी नसते. विचारा, "या चाकूच्या तक्रारी आल्या तर पूर्वी कुठे पाठवायचा?" या प्रश्नावर तो खरं बोलेल, कारण त्याचंही दुखणं तेच आहे. त्याने पुढे केलेला दुसरा चाकू लगेच नाकारू नका. तो हातात घेऊन पातं अर्धं उघडा आणि टोक दोन बोटांत धरून आडवं हलवून बघा. हललं तर नको. नाही हललं, पातं सहा-सात सेंटिमीटरचं असेल आणि मुठीच्या आत पाणी निघून जाईल एवढी फट असेल, तर गुटीसाठी तो पुरेसा आहे. द्राक्षाच्या कलमाला एकाच बाजूने घासलेली धार लागते. गुटीला दोन्ही बाजूंनी घासलेली साधी धार चालते, त्यामुळे कलमाचा महाग चाकू घेऊ नका.

तुमच्या जुन्या चाकूचं पातं हलतंय ना, तो टाकू नका. सांध्यावर स्क्रू असेल तर पाव फेरा आवळा, झालं. पितळी रिव्हेट असेल तर आधी चाकू रॉकेलमध्ये तासभर ठेवून सांध्यातली माती आणि चीक काढा, पुसून कोरडा करा. मग रिव्हेटचं एक डोकं लोखंडी ठोकळ्यावर किंवा ऐरणीवर टेकवून दुसऱ्या डोक्यावर गोल तोंडाच्या लहान हातोडीने हलक्या टिचक्या मारा, मधून कडेकडे. चार टिचक्या, पातं उघडून-मिटून बघा, पुन्हा चार. घाई केलीत तर पातं गच्च बसेल. बसलंच तर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडून वीस-पंचवीस वेळा उघडझाप करा. मुठीवर हातोडी लागू देऊ नका, तडा जातो. पातं हलत नाही पण उघडल्यावर स्प्रिंग धरत नसेल, तर मात्र तो चाकू कामावर नेऊ नका, बोटावर मिटेल.

आणि बागेत जाताना दोन डबे न्या, एक हायपोक्लोराइटचा आणि एक साध्या पाण्याचा. पहिल्यात बुडवलं की दुसऱ्यात खळखळून घ्या, मग फडक्याने पुसा, सांध्यापाशी जरा जास्त. संध्याकाळी मिटण्याआधी तेलाचा एक थेंब. चाकू घेऊन सोलापूरला आलात तर दुकानात दाखवा, रिव्हेट मी बसवून देते.